एम. वेदरक्लफ, लीड्स

वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा आणि क्लफ म्हणजे डोंगरातली घळ. यॉर्कशरच्या त्या घळीत कधीकाळी असे मेंढे चरायचे, तिथे राहणाऱ्यांना लोकांनी तेच नाव दिलं आणि ते सहाशे वर्षं चिकटून राहिलं. घळीतल्या मूळ घराची आता एकच भिंत उभी होती आणि गावात या आडनावाची दोनच माणसं. दगडी कुंपणं रचण्यात जन्म घालवलेला विल्फ्रेड, आणि त्याची बिनलग्नाची थोरली बहीण हिल्डा.

जगात आपण किती उरलो, हे शोधायचं वेड विल्फ्रेडला बायको गेल्यावर लागलं. लायब्ररीत बसून तो देशोदेशीच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळायचा. एखादा वेदरक्लफ सापडला की त्याला पत्र आणि छापील फॉर्म धाडायचा, आणि स्वयंपाकघरातल्या नकाशावर टाचणी टोचायचा. कॅनडात एकेचाळीस झाल्या, न्यूझीलंडमध्ये सतरा.

"खच्ची मेंढ्याचं नाव, आणि वंश वाढवायची केवढी हौस रे तुला!" हिल्डा म्हणायची.

"तू चहा टाक," तो म्हणायचा.

दर ऑगस्टला चॅपलच्या हॉलमध्ये वेदरक्लफांचा मेळावा भरे. दारात विल्फ्रेड स्वतः बिल्ले वाटायचा. आडनाव लावणाऱ्यांना पांढरे, पाहुण्यांना पिवळे. लग्नाने आडनाव बदललेल्या बाया पाहुण्यांत. नियम त्याचाच.

त्याची एकुलती एक मुलगी मॅरियन लग्न करून मिसेस स्लेटर झाली, आणि त्या वर्षी बापाने तिच्या हातावर पिवळा बिल्ला ठेवला.

"बाबा, मी पाहुणी?"

"नियम म्हणजे नियम, पोरी. उद्या बाकीच्या बाया मला काय म्हणतील?"

तिने बिल्ला लावला. दिवसभर लोकांना चहा ओतला, कपबशा विसळल्या, आणि संध्याकाळी बिल्ला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून बस पकडली. पुन्हा ती आली नाही. नाताळचं कार्ड यायचं, मग तेही बंद झालं.

"जगभर टाचण्या टोचतोस, आणि पोटच्या पोरीला जागा नाही," हिल्डा त्याला सुनवायची. "जा, पाया पड तिच्या."

"माझं काय चुकलं?" विल्फ्रेड म्हणायचा. या माणसाला दगड बरोबर बसवता यायचे, पण माणसाचं मन काही केल्या ओळखता यायचं नाही.

पुढे एकदा त्याला नव्या डिरेक्टरीत 'एम. वेदरक्लफ, लीड्स' सापडला. स्वारी दिवसभर खुशीत होती. लीड्स काही लांब नव्हे! "असेल कुणी मॉरिस किंवा मार्टिन," तो हिल्डाला म्हणाला, आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने पत्ता घातला. उत्तर आलं नाही. टाचणी मात्र तशीच राहिली.

पाच वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, एक अनोळखी बाई दारात उभी राहिली.

"मी मिसेस ॲक्रॉइड. लीड्सला मॅरियनच्या शेजारी राहते. गुरुवारी गेली हो ती. छातीचं दुखणं होतं. कुणाला कळवू नका म्हणायची."

हिल्डा खुर्चीत बसली. विल्फ्रेडला भलताच प्रश्न सुचला. "आणि स्लेटर?"

"तो केव्हाच सोडून गेला. तिने मग माहेरचं आडनाव परत लावलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी अक्षर ओळखून काय हरखली होती! उघडेपर्यंत."

बाईने पिशवीतून फॉर्म काढला. वर विल्फ्रेडच्याच अक्षरात होतं: प्रिय श्री. एम. वेदरक्लफ. खाली मॅरियनने सगळं नीट भरलं होतं. जन्मगाव. वडिलांचं नाव, विल्फ्रेड. मुलगे, नाहीत. शेवटचा छापील प्रश्न होता, 'तुम्ही आमच्यापैकी आहात का?'

त्यापुढे तिने लिहिलं होतं, 'हे तुम्हीच सांगा, बाबा.'

"आहे," विल्फ्रेड त्या परक्या बाईला म्हणाला. "आमचीच आहे ती. आमचीच आहे."

हिल्डा उठली आणि तिने चहा टाकला.