स्कॉटलंडची दिवेलागण

मला गोल्फ येत नाही. मला बॉल दिसतो, एवढंच. नवरा मारतो, मी बघते आणि बॉल कुठे पडला ते सांगते. "डावीकडे, दुसऱ्या झाडाच्या अलीकडे, गवतात." तो मान डोलावतो आणि आधीपासून ठाऊक असल्यासारखा तिकडे चालू लागतो. हे सोंग मला पाठ आहे, आणि मी ते कधी मोडत नाही.

पुण्यात असताना गोल्फ म्हणजे लष्करातल्या साहेबांचा आणि कारखानदारांचा खेळ, अशी आमची समजूत होती. सिंगापूरला आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी ह्याला ड्रायव्हिंग रेंजवर नेलं. म्हणजे जाळ्यांच्या आत एका जागी उभं राहून बादलीभर बॉल मारत सुटायचं. चाळिशीतल्या माणसाला नवा नाद लागला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. इथली मैदानं बहुतेक क्लबांच्या सभासदांची, तिथे आपल्याला कोण विचारतो? मग हा आणि ऑफिसातले तिघे मित्र महिन्यातून एकदा बोटीने इंडोनेशियातल्या बाटमला नाहीतर बसने मलेशियातल्या जोहोरला जायचे आणि रापून परत यायचे. मी चिडवायची, "एवढं ऊन खाऊन आलास, बॉल किती हरवलेस?" तो खरा आकडा कधी सांगायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू असल्याचं कळलं, आणि कळायलाही उशीरच झाला होता. डॉक्टर म्हणाल्या, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. समोरचं नीट दिसतं, कडेचं नाही. बॉल हवेत गेला की कुठल्या तरी कडेला नाहीसा होतो. आणि उजेड कमी झाला की सगळंच अवघड. संध्याकाळी फुटपाथची पायरी त्याला कळत नाही. तेव्हा तो माझं कोपर धरतो, तेही मीच त्याला धरून चालतेय असं लोकांना वाटावं अशा बेताने.

शिवाय आम्ही राहतो कुठे, तर विषुववृत्ताच्या बोटभर वर. इथे संध्याकाळ अशी नसतेच. सात वाजले की कुणीतरी बटण बंद केल्यासारखा अंधार, बाराही महिने. त्यामुळे आमचं सगळं आयुष्य साडेसहाला संपायला लागलं. ऑफिसातून लवकर निघायचं, बुकित बातोकचा आमचा ब्लॉक यायच्या आत उजेड पुरवायचा. मित्रांना त्याने सांगितलं, कंबर धरली आहे. जोहोरच्या फेऱ्या बंद झाल्या. मित्र मलम सुचवत राहिले आणि हा त्यांचे आभार मानत राहिला.

अशात एका रविवारी पोहे खाता खाता तो म्हणाला, "आपण जूनमध्ये स्कॉटलंडला जायचं."

"काय बघायला?"

"खेळायला. हा खेळ जिथे सुरू झाला तिथे एकदा खेळायचंय. बॉल दिसतोय तोवर."

हे शेवटचे तीन शब्द ऐकले आणि मी म्हटलं, जाऊ. मग शहाण्या माणसासारखं सुचवलं की अशा सहली काढणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याबरोबर जाऊ, गाडी दाराशी येते, डोक्याला ताप नाही. तो एकदम उखडला. सोळा माणसांच्या गटात पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून सगळे "सावकाश हं" म्हणायला लागतील. त्यापेक्षा आपलं आपण जाऊ.

आपलं आपण म्हणजे रविवारच्या रविवारी आमच्या घरी कंट्रोल रूम. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि आमची बैठकीची खोली स्कॉटलंडच्या नकाशाने भरून गेली. गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. मी सिंगापुरात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. म्हणून एडिनबरापासून रेल्वेने थोड्या वेळात पोहोचता येईल असं समुद्रकाठचं एक गाव शोधलं. तिथे एका बाईंच्या घरात खोली धरली, आणि तिथून बसने आजूबाजूच्या गावांना जायचं ठरवलं. काही क्लबांना खेळ किती येतो ते सांगणारा हँडिकॅपचा दाखला लागतो, म्हणजे हा माणूस मैदान खणून ठेवणार नाही एवढी खात्री. तो जोहोरच्या क्लबातून मागवला. आपला पासपोर्ट भारतीय, तेव्हा व्हिसाची कागदपत्रं आलीच. खेड्यांतून नऊ होलची लहान लहान मैदानं आहेत. तिथे कुणी माणूसही नसतो, आपणच डब्यात पैसे टाकायचे आणि खेळायला लागायचं. हे वाचून तो इतका खूश झाला की दोनदा वाचून दाखवलं. मला त्या मैदानांशेजारच्या मेंढ्या आवडल्या.

पण बेत पुढे सरकू लागला तशी माझी चिडचिड वाढायला लागली. रोज सकाळी आठला खेळ, दुपारी गाव, आणि सहाला खोलीत.

"सहानंतर काय?"

"सहानंतर खोली."

"एवढ्या लांब जाऊन सहाला खोलीत बसायचं? मी तिथे काय करू, दशम्या मोजू?"

"अंधारात परक्या गावात मला कुठे फिरवणार आहेस?"

त्याच्या आईची शिस्त मोठी. दिवेलागणीच्या आत घरात, हातपाय धुऊन देवापुढे शुभंकरोती. कॉलेजात जायला लागला तरी सुटका नव्हती. तेव्हा त्याला ह्याचा राग यायचा, आणि आता तोच नियम त्याने स्वतःवर लावून घेतला होता. मला त्याची दया यायची आणि त्याचा रागही यायचा, दोन्ही एकदमच. मी वाद सोडून दिला.

मग ते मैदान आलं. समुद्राला लागून असलेलं, फार जुनं, मध्येच दगडी गडगे, काही ठिकाणी बॉल सरळ पुळणीवर जातो म्हणे. पूर्ण बेत त्याच्याभोवतीच रचला होता, बाकीची मैदानं तोंडी लावायला. त्यांना वेळ मागितली होती आणि उत्तराची वाट बघत होतो. एका शनिवारी आम्ही लिटिल इंडियात भाजणी आणि मेतकूट घ्यायला गेलो होतो. डाळींच्या पाकिटांसमोर उभा राहून तो अगदी सहज म्हणाला, "ते समुद्राचं मैदान रद्द. मी त्यांना नको म्हणून कळवलं."

"नको? का?"

"दुपारी साडेचारची वेळ देत होते. चालत खेळायला चार तास लागतात. शेवटचे होल मी काय चाचपडत खेळू?"

मी तिथेच आवाज चढवला. एवढा आटापिटा कशासाठी चाललाय, मला विचारायचं तरी, वगैरे. शेजारची एक बाई सांबार मसाला हातात धरून ऐकत उभी राहिली. त्याने तूरडाळीचं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं आणि टोपलीत ठेवलं. ते बघून माझा आवाज आपोआप खाली आला. घरी पोहोचलो तेव्हा अर्थातच अजून उजेड होता.

दोन दिवसांनी त्या खोलीवाल्या बाईंना मी फोन केला. साधंच काम होतं. आम्ही शाकाहारी, संध्याकाळी सहापासून खोलीतच असू, तर किटली मिळेल का, जरा गरम करून खाता येईल का? त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळत होतं. त्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का तुमची? मी म्हटलं, छान आहे, पण अंधार पडायच्या आत परत यायचंय. मग त्या म्हणाल्या, जूनमध्ये? अहो, अंधाराची वाट बघत बसलात तर झोपायचे कधी? दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. आमच्याकडचे लोक कामं उरकून, जेवून, सातला खेळायला बाहेर पडतात.

फोन ठेवून मी पलंगावर बसले आणि कपाळाला हात लावला. हा माणूस वाऱ्याचा वेग महिन्यावार बघतो. रेल्वेच्या डब्यात गोल्फची बॅग कुठे ठेवायची त्याचे फोटो त्याने शोधून काढले. आणि सूर्य किती वाजता मावळतो हे आम्हा दोघांपैकी एकालाही बघावंसं वाटलं नाही. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो हे शाळेच्या भूगोलात शिकलो होतो की! पण इतकी वर्षं सात म्हणजे अंधार, पुण्यात थोडा इकडेतिकडे, इथे तर अगदी ठोक. सूर्याची वेळ कुणी तपासतं का? ती आम्ही इथूनच सोबत घेऊन निघालो होतो.

त्याला सांगितलं ते रेंजवर. दुपारची वेळ, तो बॉल मारत होता, मी मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. एक बॉल चांगला लांब गेला. "सरळ. दूरच्या पाटीच्या पुढे," मी म्हटलं. आणि पुढे म्हटलं, "तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असतं."

"कुठे?"

"स्कॉटलंडला. मी विचारलं. मग इंटरनेटवरही बघितलं."

त्याचा विश्वास बसला नाही. फोन घेतला, नाकाशी धरून स्वतः बघितलं. पुन्हा बघितलं. "रात्रीचे दहा?" असं त्याने मला विचारलं, मग जणू स्वतःलाच विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या आईचे हाल झाले असते तिथे. शुभंकरोती म्हणायला पोरं साडेदहाला घरात." तो हसला नाही. गोल्फची काठी जमिनीला टेकवून तो जाळीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "केवढी मोठी संध्याकाळ असेल गं." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही. बादलीत बॉल उरले होते ते तसेच ठेवून आम्ही निघालो.

त्याच दिवशी त्याने क्लबाला पुन्हा लिहिलं. साडेचारची वेळ अर्थातच गेली होती. सोमवारी उत्तर आलं की एकच जागा आहे, सव्वापाचची, पण तिथल्याच तीन सभासदांबरोबर खेळावं लागेल.

आता घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. उजेड होता, वेळ होती, पण तीन परके जाणकार खेळाडू आणि त्यांच्यासमोर हा, बॉल कुठे गेला ते न दिसणारा. "आधीपासून ठाऊक आहे" हे सोंग तिथे कसं चालणार? मी बरोबर चालत असेन, पण बायको मागून ओरडून जागा सांगतेय हे त्यांना कळणारच. दोन दिवस त्याने उत्तर दिलं नाही. मीही काही म्हटलं नाही, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

तिसऱ्या दिवशी तो घरूनच काम करत होता. दुपार कलल्यावर, म्हणजे तिथली सकाळ, त्याने क्लबाला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. लांबच्या फोनवर आपण उगाचच मोठ्याने बोलतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आधी वाऱ्याचं विचारलं. मग सामान ओढायची ढकलगाडी मिळते का ते विचारलं. मग खेळत नसलेल्या माणसाला बरोबर चालता येतं का ते. पलीकडचा गृहस्थ हो हो म्हणत असावा. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? मी सुरी थांबवली.

मग तो मीटिंगमध्ये बोलतो तशा सरळ इंग्रजीत म्हणाला की माझे डोळे अधू आहेत. काचबिंदू आहे. मी मारतो तो बॉल कुठे जातो ते मला दिसत नाही. माझ्या बायकोला दिसतं. ती सांगते आणि मी खेळतो. तुमच्या सभासदांना हे चालणार असेल तर मी येतो, आणि नसेल तर आत्ताच सांगा.

दोन वर्षांत त्याने हे घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. तो ऐकत होता. मग त्याने पूर्ण मान वळवली, कारण मी कडेला उभी असले तर त्याला दिसत नाही, आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "तो विचारतोय, चौघांचेही बॉल बघशील का? त्या तिघांनाही आता नीट दिसत नाही म्हणे."

"बघेन म्हणावं," मी म्हटलं, आणि हाताला भेंडीची बुळबुळ तशीच असताना पदराने डोळे पुसले.