आधी कागदावर

मास्तरांच्या मते जगात शिवणकाम कळणारी माणसं दोनच झाली. त्यातले एक त्यांचे उस्ताद, ते वारले. उरलेले सगळे नुसते कापडं जोडणारे. पुढच्या चौकात नवं दुकान टाकलेला टेलर म्हणजे 'पोत्याची तोंडं शिवणारा'. तयार कपडे विकत घेणारी माणसं म्हणजे 'खुंट्या'. दुसऱ्या कुणाच्या हातचा शर्ट गिऱ्हाइकानं दुरुस्तीला आणला, की मास्तर तो दोन बोटांत धरून काखेची शिवण उलटी करत आणि विचारत, "हे कुणी केलं? आणि तुम्ही त्याला पैसेही दिलेत?" गिऱ्हाईक बिचारं स्वतःच चोरी केल्यासारखं उभं राही. चाळीस वर्षं मास्तरांनी असे नाकानं कांदे सोलले. काम खरोखरच चांगलं होतं, म्हणून लोकांनी सोलू दिले.

मग त्यांचा गुडघा गेला. चाळीस वर्षं पायानं मशीन मारल्यावर जाणारच तो, त्यात नवल काय? हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, पायाचं मशीन बंद. मास्तर बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "त्याच्या कोटाचा डावा खांदा बोटभर उतरलाय, ते त्याला दिसत नाही. आणि हा मला गुडघे शिकवणार!" पण दवाखान्याच्या दोन पायऱ्या उतरायला त्यांना बायकोचा खांदा लागला, तेव्हा जीभ आपोआप आत गेली.

जुन्याच मशीनला छोटी मोटर लावून पाहिली. पण हातात मोठं काम एकच उरलेलं, गॅरेजवाल्यांच्या जाड डगल्यांचं. चार घड्या आल्या की ती मोटर धापा टाकायची, आणि तिसऱ्या दिवशी तर धूर सोडून मोकळी झाली. आता मामला सरळ होता. कारखान्यातलं मोठं मशीन घ्यायचं, जुनं का होईना. नाहीतर दुकानाचं शटर ओढायचं आणि उरलेला जन्म घरात बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवायचं.

बायकोनं हात जोडले. "घ्या हो ते मशीन. माझ्यासाठी घ्या. आणि बघायला जाताना हिला बरोबर न्या."

ही म्हणजे मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. मास्तरांनी तिचं नाव 'कफ' ठेवलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं ती फक्त शर्टाचे कफ शिवत होती. सकाळी कफ, दुपारी कफ, संध्याकाळी कफ. कारखाना बंद पडला तशी एकटी बाई बहिणीकडे राहायला आली. मास्तर येईल त्याला सांगत, "वीस वर्षं शर्ट शिवले हो हिनं, पण अख्खा शर्ट कधी पाहिला नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसत.

मास्तरांकडे शिकायला येणाऱ्याला पहिला महिना दोरा मिळत नसे. सुई रिकामी आणि सुईखाली रेघ आखलेला कागद. त्या रेघेवर नुसती भोकं पाडत जायचं. भोक रेघेबाहेर पडलं की मास्तर कागद उजेडाला धरत आणि म्हणत, "फाड. दुसरा घे." मेहुणीलाही त्यांनी तिथंच बसवलं. कारखान्याच्या मशीनला सवकलेला तिचा पाय इथं ठरेना. चाक उलटं फिरे, सुई अडे. मास्तरांनी समोरच्या पानवाल्याला हाक मारून बोलावलं. "या, या, वीस वर्षांचा अनुभव बघायला या!" आठ दिवसांत तिनं वहीभर कागद भोसकले आणि शेवटी रेघ अशी आली की मास्तरांना फाडायला कारण सापडेना. मग ते म्हणाले, "सरळ जाता येतं. गाढवालाही येतं." आणि दोन वर्षं तिला काज-बटणांवर ठेवलं. तर अशी ही कफ. मास्तरांनी तिला बरोबर नेलं ते पिशवी धरायला.

जुन्या मशीनवाल्याचं गोदाम पत्र्याचं होतं. आत तेलाचा वास, आणि ओळीनं मशीनं उभी. मशीनवाला कानाला पेन लावून हिंडत होता. त्यानं एका मशीनवर सुईच्या दाबाखाली कोरं, कडक कापड सारलं. "चालवून बघा मास्तर. टाका बघा कसा मोत्यासारखा येतो."

"ठेव ते बाजूला," मास्तर म्हणाले. "ताठ कापडावर भंगारसुद्धा नाचतं. मला शेंडी लावतोस?" कफकडून पिशवी घेऊन त्यांनी त्यातून अस्तराचं झुळझुळीत कापड काढलं. यात मात्र मास्तर शंभर टक्के खरे होते, आणि मशीनवाल्याचा चेहराही थोडा उतरला. मास्तर फुलले. बाही सारून स्टुलावर बसले, बटण दाबलं. मोटर घुमायला लागली. मास्तरांनी पॅडलवर पाय ठेवला आणि चाळीस वर्षं मारला तसाच मारला. टाच, चवडा, टाच, चवडा.

पण या मशीनला असला झोका चालत नाही. चवडा दाबला की ते धावतं, टाच दाबली की जागच्या जागी थांबतं. तेव्हा मशीन भुर्रकन ओरडलं, ठप्प झालं, पुन्हा ओरडलं, पुन्हा ठप्प. अस्तर खाली ओढलं गेलं, गोळा झालं, आणि कट्ट करून सुई मोडली. तुकडा मास्तरांच्या चष्म्यावर येऊन आदळला.

"बिघडलंय हे," मास्तर म्हणाले.

"असलं आधी कधी चालवलंय का?" मशीनवाल्यानं विचारलं.

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मशीनवर आहे मी! बिघडलेलं मशीन मला कळत नाही?"

मशीनवाला मिशीत हसला. मागं दोन हमाल उभे होते, तेही हसले. मास्तरांच्या कानशिलांना घाम फुटला.

"भाऊजी, मी बघू?" कफ म्हणाली.

तिनं नवी सुई लावली. उजव्या पायातली चप्पल काढली, चवडा पॅडलवर नुसता टेकवला. मशीन गुणगुणायला लागलं. अस्तर तिच्या बोटांखालून असं सरळ निघून गेलं, की कुणी ओढतंय की ढकलतंय ते कळेना. कोपरा आला, सुई कापडात ठेवूनच तिनं वळण घेतलं. मास्तर बघत राहिले. शिवणीतलं त्यांना कळत होतं, हीच तर पंचाईत. कळत नसतं तर सुखी राहिले असते.

मग तिनं डगल्याच्या कापडाच्या चार घड्या घातल्या, हळू चालवलं, कान खाली नेला. "टाका सुटतोय घड्यांवर. खालचं हूक झिजलंय. हे नको."

मशीनवाल्याचं हसू मावळलं. आणि मास्तर? मास्तरांनी छाती काढली. "मी काय म्हटलं होतं? बिघडलंय म्हटलं होतं की नाही?" निर्लज्जपणाला काही सीमा असावी! पण कफनं मान डोलावली. "हो भाऊजी, तुम्ही म्हणालात खरे."

ती ओळीतून फिरली. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका मशीनचं चाक हातानं फिरवून बघितलं, तेल बघितलं, चालवलं, घड्यांवरून नेलं, आणि थांबली. "हे घ्या."

"बसा मास्तर," मशीनवाला म्हणाला. "तुमचा हात लागू दे."

आता काय करणार? हे मशीन चांगलं होतं. त्याला बिघडलेलं म्हणायची सोय उरली नव्हती. बसावं, तर सगळ्यांदेखत पुन्हा तोंडावर आपटणार. न बसता निघावं, तर दुकान संपलं. गुडघा ठणकत होता. दाराबाहेर रिक्षा उभी दिसत होती आणि मास्तर तिच्याकडे बघत होते.

कफनं मशीनवाल्याच्या टेबलावरून जुनी वही घेतली, चार पानं काढली. एका पानावर पट्टीनं रेघ आखली. सुईतला दोरा ओढून काढला. पान दाबाखाली ठेवलं.

"आधी कागदावर, भाऊजी. टाच उचलून ठेवा. फक्त चवडा, कापसावर ठेवल्यासारखा."

मास्तर आले, बसले. चवडा टेकवला. मशीन कुरकुरलं, चाललं, चार बोटं नीट गेलं. तेवढ्यात टाच सवयीनं खाली आली, कागद हिसकला, भोकं डावीकडं पळाली.

कफनं कागद उजेडाला धरला. तिच्या आवाजात कणभर जरी हेटाळणी असती, तर मास्तर उठून चालते झाले असते. हेटाळणीला उत्तर त्यांच्याकडे चाळीस वर्षं तयार होतं. पण ती नुसती शिकवत होती. त्यांनी तिला कधी असं शिकवलं नव्हतं, हे त्यांना त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

"फाडा," ती म्हणाली. "दुसरा घ्या."

मास्तरांनी कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला. तिसरा दाबाखाली सारला.

मशीनवाला कंटाळला. "मग मास्तर, ठरलं का घ्यायचं?"

"घेतलं म्हणून समज," मास्तर मान वर न करता खेकसले. "आता जरा गप्प बस. दिसत नाही का, शिकतोय!"