निळ्या रांगोळीचा ओढा

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रांगोळीत नीळ कालवणं. दुपारची वेळ, पाऊस उघडला होता. ओट्यावर मी चाळणी धरली आणि ती पाटीत हात घालून नीळ एकजीव करत होती. मनगटापर्यंत तिचे हात निळे झाले होते.

पाणलोटाच्या संस्थेत आम्ही दोघं इंटर्न होतो. पासष्टीनंतर. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीबी नाही. पण संस्थेला गावातलीच माणसं पाहिजे होती, कुठल्या माळावरचं पाणी कुठं उतरतं ते ज्यांना ठाऊक आहे अशी. गळ्यात फोटोचं कार्ड आलं तवा पारावरची मंडळी विचारायची, "आबा, पेपर कसा गेला?" काम म्हणजे माळावर चर कुठं खणायचे ते सुतळीनं आखायचं, विहिरीत दोरी सोडून पाणी बघायचं आणि घरोघर जाऊन लोकांशी बोलायचं. शिकवणाऱ्या मॅडमचा एकच नियम होता. जे आहे तेवढंच आखायचं, एक वीतबी कमीजास्त नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या सभामंडपात गावाचा नकाशा होता. फरशीवर रांगोळीनं सगळं शिवार काढायचं, पाणी निळ्यानं, आणि गावानं भोवती बसून चुकलं तिथं बोलायचं. रांगोळी तिच्याकडं असायची.

मी म्हणालो, "ह्या टायमाला ओढा पुरा काढायचा. माळापासून आपल्या विहिरीपर्यंत."

"बघू," ती म्हणाली. तिचं बघू म्हणजे नाही.

आमच्या वरच्या अंगाला ज्याचं रान आहे त्यानं जेसीबी लावून ओढा बुजवला होता. वरून नांगर फिरवला आणि सोयाबीन पेरलं. वाट गेली म्हणून पाणी थांबतंय होय? ते रानाकडं जायच्या पाणंदीत शिरलं. पाणंद खचून कमरेएवढी घळ पडली आणि उन्हाळ्यात आमची विहीर कोरडी. सगळ्या गावाला ठाऊक, बोलत कुणी नव्हतं. रान मोठं, ट्रॅक्टर त्याचाच, पेरणीला त्याच्या दारात जावंच लागतं. आणि ही मला बोलू द्यायची नाही. तिला सख्खा भाऊ नव्हता, हा मानलेला. दर भाऊबीजेला ओवाळायची त्याला. मागच्या नकाशात तिनं निळी रेघ त्याच्या बांधापाशी थांबवली होती. दादाचं नाव चारचौघांत निघाया नको, म्हणाली.

नीळ कालवली त्याच दिवशी उन्हं कलल्यावर ती म्हशीला वैरण आणायला त्याच पाणंदीनं गेली. घळीचा काठ ढासळला. भाऱ्यासकट खाली गेली, डोकं दगडावर आपटलं. जीप धाराशिवला पोचायच्या आत ती संपली.

बायकांनी आंघोळ घातली, पण हाताची नीळ निघाली नाही. सवाष्ण गेली म्हणून माहेरची हिरवी साडी लागते. ती घेऊन तोच आला. रडत आला. मला मिठी मारली, मी मारू दिली. मनात म्हणालो, रड लेका. तुला सगळ्या गावापुढं खाली बघायला लावीन.

नकाशा पुढं ढकलला होता. तेरावं झाल्यावर मॅडम घरी आल्या. काका, तुम्ही आराम करा, रांगोळी दुसरं कुणी काढेल, असं म्हणायला लागल्या. मी म्हणालो, मीच काढणार. दोन दिवस ओट्यावर हात बसवला. बाप्याच्या हातातून रांगोळी कुठं सरळ पडते? जाड पडायची, मधेच तुटायची.

सभामंडपात गाव जमलं. तो पुढं खुर्चीवर, सरपंचाच्या शेजारी. मी घरं काढली, रस्ता काढला. बायका पदराआड हसल्या, मी हसू दिलं. मग निळी रांगोळी घेतली, तिनं कालवलेलीच. माळावरून निघालो. त्याच्या बांधापाशी ती थांबली होती तिथं थांबलो, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं गेलो. त्याच्या रानातून थेट आमच्या विहिरीत.

तो म्हणाला, "दाजी, तिथं ओढा न्हाय."

"मग तुझी बहीण कशानं मेली?"

मग मागून एक म्हातारी बोलली, लग्न होऊन आले तवा तिथं गोधड्या धुतल्यात म्हणून. मग एकानं तिथं बैल पाजल्याचं सांगितलं. ज्यांना त्याचा ट्रॅक्टर लागतो तेबी बोलले. तो मान घालून निळ्या रेघेकडं बघत बसला. शेवटी म्हणाला, खोला ओढा. सरपंचानं तिथंच ठराव लिहिला. मॅडम म्हणाल्या, सोयाबीन पिवळं पडलंय, पंधरा दिवसांत निघेल, मग आखून घेऊ. सगळ्यांना पटलं. जाताना त्यानं मला हात जोडले.

मला वाटलं होतं पोटात गार पडेल. पडलं नाही. हात जोडले की सुटला होय माणूस?

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात कार्ड घातलं. खुंट्या, सुतळी, लाकडी हातोडा आणि आखायच्या पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन त्याच्या रानात शिरलो. उभ्या सोयाबीनमधून आखायला लागलो. शेंगा पायाखाली चिरडल्या जात होत्या. तो बांधावर आला.

"दाजी, पंधरा दिवस थांबा की."

मी मान वर केली नाही. तो तिथंच खाली बसला. अडवलं नाही त्यानं. अडवायला पाहिजे होतं, हातोडा माझ्या हातात होता.

ओढा सात पावलं रुंद होता, हे मी झोपेतबी सांगेन. मी बारा पावलं टाकली आणि खुंटी ठोकली. त्यानं पावलं मोजलेली मला दिसली. ओढा त्यालाबी ठाऊक होता. बांधावरचं गवत उपटत बसला. ती असती तर मागनं येऊन खुंट्या उपटल्या असत्या आणि बरोबर सातावर लावल्या असत्या, गळ्यातल्या कार्डाची तरी लाज धरा म्हणाली असती.

मी सुतळी ताणली आणि बाराव्या पावलावर फक्की ओतत खाली आमच्या विहिरीपर्यंत आलो.