ब्रेक मनापासून दाबावा

रोजच्या वापरातली गाडी घेऊन पहिल्यांदाच रेसच्या ट्रॅकवर जाणार असाल, तर माझा पहिला सल्ला असा की सोसायटीत कुणाला सांगू नका. मी फक्त दूधवाल्याला सांगितलं, तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत खालच्या बाकावरच्या झाडून सगळ्या बायकांना कळलं होतं. एकीने विचारलं, "यजमान सोडतात?" दुसरीने विचारलं, "या वयात?" गणिताची निवृत्त बाई, गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरणारी, ती डोंबिवलीहून रेस खेळायला निघाली हे त्यांना पचेना. मी काही रेस खेळायला चालले नव्हते. मला माझ्या आईला घरी आणायचं होतं. पण ते बाकावर सांगत बसले असते तर आमटी करपली असती.

आई नाशिकला एकटी राहते. तिने पंच्याऐंशी ओलांडली आहे. भाऊ परदेशात. तिच्या मनाने घेतलं होतं की आता दोन-तीन महिने लेकीकडे येऊन राहायचं. दर फोनला एकच प्रश्न, "कधी न्यायला येतेस?" आगगाडीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि भाड्याच्या गाडीत ती बसत नाही. परका ड्रायव्हर, त्याचं लक्ष कुठे असेल कोण जाणे, त्याला डुलकी लागली तर उठवायचं कुणी, असं तिचं म्हणणं. आमचे हे गेले असते, पण त्यांच्या कमरेची नस दबली आहे, आणि तासाभरापेक्षा जास्त गाडी चालवायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. राहिले मी. आणि माझ्या न् आईच्या मध्ये राहिला कसारा घाट.

त्या घाटाशी माझं जुनं भांडण आहे. आदल्या वर्षी आईला भेटून आम्ही दोघं परत येत होतो. यांची कंबर नुकतीच कुरकुरायला लागली होती, म्हणून मी चालवत होते, आणि हे शेजारी बसून तोंडाने चालवत होते. उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला. पण कसा, तर घरात बाळ झोपलंय आणि दार लोटायचंय, तसा. गाडी हळूच जाऊन ट्रकला टेकली. ट्रकवाल्याला पत्ताही लागला नाही, तो निघून गेला. बंपर तेवढा आत गेला. पण मला पुढे जाता येईना. हात स्टिअरिंगला चिकटले ते सुटेचनात. मागे हॉर्नचा गजर. शेवटी हे दुखऱ्या कमरेनिशी माझ्या जागी आले, डोंबिवलीपर्यंत चालवत आले आणि आठवडाभर आडवे झाले. तेव्हापासून माझी धाव भाजी मंडईपर्यंत. बंपर यांनी दुरुस्त केला नाही. "राहू दे, लक्षात राहील," म्हणाले. घरी पाहुणे आले की चहानंतर त्यांना खाली नेऊन तो दाखवायचे. माझा संताप व्हायचा, पण बोलायला तोंड कुठे होतं?

ही कथा ऐकून सगळे विचारायचे, "ट्रकवाला काय म्हणाला?" कळव्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मात्र वेगळंच विचारलं. हा चाळिशीला टेकलेला गृहस्थ, नोकरी सांभाळून सगळा वेळ गाड्यांच्या नादात.

"मावशी, ब्रेक किती दाबलेलास?"

"दाबतात तेवढा."

"पूर्ण?"

आमच्या घरात पूर्ण असं काही वापरतच नाहीत. मिक्सर कायम एकवर. पंखा तीनवर, मेमध्ये चारवर. गाडीच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून आहे, बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आणि ब्रेकबद्दल तर यांचा सिद्धान्तच आहे, "कमीत कमी वापरावा, लायनर झिजतात." गाडीचे मूळचे लायनर अजून चालू आहेत हे ते लग्नाकार्यात सांगतात. त्या घरात राहून मी ब्रेक पूर्ण कधी दाबणार?

"मग तू ब्रेक लावायला शिकलेलीच नाहीस," भाचा म्हणाला. "ट्रॅकवर चल. तिथे मागून कोणी चढणार नाही अंगावर."

ट्रॅक मुरबाडच्या पुढे माळावर आहे. मालक मूळचे कल्याणकडचे, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारे. आता जागा भाड्याने देतात, आणि पोरांनी हौस धरली म्हणून माळावर डांबराचा वेडावाकडा पट्टा बांधला. स्वतः मांडव घालून माइकवर बसतात. रविवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि पळवतात.

दुसरा सल्ला असा की निघण्यापूर्वी गाडी रिकामी करा. सुटी वस्तू म्हणून आत काही ठेवायची नाही, वळणावर ती उडते आणि डोक्यात बसते. मला वाटलं, आपल्या गाडीत असून असून काय असणार? डिकी उघडली तर दोन छत्र्या, एक दांडा, रद्दीचा गठ्ठा, कुणाच्या तरी मुंजीतला नारळ, घोंगडी, कुकरची जुनी शिटी आणि बुडाशी सतरंजी. हे म्हणाले, सतरंजी राहू दे, वाटेत लागली तर? मी म्हटलं, रेसच्या ट्रॅकवर सतरंजी कशाला लागेल? "कुठेही लागते," हे म्हणाले. आणि हो, हे बरोबर आले होते. गाडीवर लक्ष ठेवायला. तिथपर्यंत चालवायला भाचा.

ट्रॅकवर पोचल्यावर भाच्याने बोनेट उघडलं, टायरची हवा तपासली आणि ब्रेक ऑईलच्या बाटलीत डोकावला. ते मधासारखं दिसायला हवं म्हणे, आमचं काढ्यासारखं झालं होतं. गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं. "काका, हे उकळलं तर ब्रेक लागणारच नाही," असं म्हणून त्याने ते तिथेच बदललं. लायनर दाखवले तर ते खरंच अजून जाडजूड होते. यांनी अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. सीटवरचं प्लास्टिक मात्र भाच्याने फाडून काढलं, बाई वळणावर घसरेल म्हणून. तेव्हा यांचा चेहरा पाहवेना.

मग त्याने विचारलं, "डावा आरसा मिटलेला का?"

तो मिटलेलाच असतो. आमच्या स्टेशनच्या गल्लीत रिक्षा इतक्या लगटून जातात की उघडा आरसा म्हणजे सोडलेलं दानच. मला डाव्या आरशात काय दिसतं हे ठाऊकच नव्हतं. उघडून पाहिलं तर बरंच काही दिसत होतं. डोंबिवलीकरांना माझा कळकळीचा सल्ला, ट्रॅकवर आरसे उघडा. मागून वेगवान गाडी आली की तिला जाऊ द्यायचं असतं, आणि त्यात कमीपणा नसतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. गाडी नव्या कामाला चालली म्हणून मी ट्रॅकच्या तोंडाशीच चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती चिरडून सुटले, तर साली टायरला चिकटून आत गेल्या आणि पहिल्या वळणावर पडल्या. तिथे झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाने लगेच पिवळा झेंडा हलवला आणि सगळ्या गाड्या हळू झाल्या. माइकवरून मालकांचा आवाज आला, "पयल्या वलनाव निंबू परलाय. कोनाचा हाय तो?" मी खिडकीतून हात वर केला. नंतर त्याच माइकवरून, "पांढरी गारी, हॉर्न नका वाजवू. हितं म्हस नाय येनार आरवी." तोवर मला कळलंच नव्हतं की मी प्रत्येक वळणाआधी हॉर्न देते आहे. सवयच ती. कल्याणच्या चौकात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे न ओरडता भाजी विकणं.

भाचा शेजारी बसला होता, डोक्याला हेल्मेट, हात छातीशी बांधलेले. म्हणाला, "लांब बघ. जिथे जायचंय तिथे बघ." मी तर कायम बोनेटच्या पुढचं हातभर बघते. खड्डे तिथेच असतात. मध्येच मी झटकन उजवीकडे वळवली.

"काय चुकवलंस?"

"खड्डा."

"डाग आहे तो, डांबराचा. मावशी, इथे खड्डे नाहीत."

खड्डे नाहीत ही कल्पना अंगवळणी पडायला मला वेळ लागला. नजर वर केली आणि पुढचं वळण, त्याच्या पुढचं वळण, पार टोकाचा डोंगर दिसला. गाडी आपोआप सरळ चालायला लागली. इतकी वर्षं मी रस्ता बघतच नव्हते, नुसती फरशी पुसल्यासारखी खाली बघत होते.

मग आला ब्रेकचा धडा. सरळ पट्ट्यावर जोरात यायचं आणि केशरी शंकूपाशी आलं की ब्रेक दाबायचा, मुळापर्यंत. पहिल्या खेपेला मी दाबला आणि गाडी आरामात शंकू ओलांडून पुढे गेली. "हे भाजी ढवळणं झालं," भाचा म्हणाला. दुसऱ्या खेपेला जोर लावला, तर पायाखाली काहीतरी धडधड थरथरायला लागलं. मी किंचाळून पाय काढला. "मोडलं रे काहीतरी!"

"काही नाही मोडलं. चाकं अडकून घसरू नयेत म्हणून गाडी तसं करते. ती थरथरतेय, तू नाही. पाय काढायचा नाही."

तुम्ही कुणीही पहिल्यांदा ट्रॅकवर जाणार असाल तर बाकी सगळं विसरा, हे वाक्य घेऊन जा. ब्रेक थरथरला की आपल्याला वाटतं आपण फार केलं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण माघार घेतो. घाटात मी तिथपर्यंतही पोचले नव्हते.

तिसऱ्या खेपेला येताना मला कुंपणापलीकडे हे दिसले. प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले होते. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने "हळू, हळू" अशी खूण, आणि तोंड सारखं हलत होतं. आवाज येत नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांना बोलताना पाहत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. काय झालं कुणास ठाऊक, पोटातून एक राग वर आला. यांचा नाही नुसता. मिक्सरचा, पंख्याचा, पाहुण्यांना दाखवलेल्या बंपरचा, जपून, बेताबेताने वापरलेल्या सगळ्या आयुष्याचा. शंकू आला आणि मी उभी राहिल्यासारखी ब्रेकवर पाय देऊन बसले. गाडी थरथरली, कण्हली, सीटबेल्ट खांद्यात रुतला. मी पाय काढला नाही.

गाडी थांबली. मी अंदाज केला होता त्याच्या कितीतरी अलीकडे थांबली. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. भाचा म्हणाला, "हे होतं मावशी, गाडीत. पहिल्यापासून होतं."

मग मी थांबेचना. पुन्हा पुन्हा आले आणि पुन्हा पुन्हा दाबला. शेवटी भाच्यानेच हात जोडले. एक फेरी सावकाश मारायला लावली, तापलेले ब्रेक निवावेत म्हणून, आणि बजावलं की थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गरम असताना चिकटून बसतो, चाकाला दगड लावायचा. मी दगड शोधायला उतरते तोच यांनी खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला. हाताला सवय. तो सुटायला मग चहा होईपर्यंत वेळ गेला. चाकांना जळका वास येत होता. हे वाकून हुंगत म्हणाले, "लायनर गेले."

"झिजण्यासाठीच असतात ते," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवली. शहाडच्या पुलावर गर्दीत अडकलो, तेव्हा हे समोर बघत म्हणाले, "आईंना ऊन वाढायच्या आत आणलेलं बरं." आमच्या घरी 'माझं चुकलं' हे असंच म्हणतात. पुढच्या आठवड्यात नवे लायनर त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले.

नाशिकला मी एकटीच गेले. येताना आई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, आणि इगतपुरीपासून तिची एकच गोष्ट चालू होती, की शेजारणीने दुधी भोपळ्याचा वेल आपल्या गॅलरीत कसा सोडला आणि भोपळा लागल्यावर तो आपलाच म्हणून कसा तोडून नेला. मी हूं हूं करत होते. घाट लागला. लांब बघत उतरत होते. एका वळणावर पुढे ट्रक उभा, त्याचा माणूस खाली उतरून दोर आवळत होता.

मी ब्रेक दाबला. पूर्ण. गाडी थरथरली, आणि पाय तिथेच राहिला. ट्रकच्या मागे चांगली म्हैस आडवी उभी राहील एवढी जागा सोडून गाडी थांबली.

आणि मग तेच. हात स्टिअरिंगला चिकटले. मागे हॉर्न सुरू झाले. ट्रकच्या शेजारून जायला वाट होती, ती मला दिसत होती, पण बोटं हलेनात. आता इथून मला कोण नेणार, असं मनात आलं, आणि नेणारं कुणीच नव्हतं.

आई गोष्टीत थांबली. इकडेतिकडे पाहिलं. तिला काही कळलंच नव्हतं. तिच्या लेखी लेक गाडी चालवत होती, लेकीने थांबवली म्हणजे काहीतरी बरंच कारण असणार. परक्या ड्रायव्हरवर जिचा जन्मात विश्वास बसला नाही, ती माझ्या शेजारी पाय पसरून बसली होती, एका हाताने पिशवी सावरत.

"चहाला थांबलीस का गं?" तिने विचारलं.

मला हसू फुटलं. "नाही आई. चहा खाली, कसाऱ्याला."

"मग चल की. मागे लोक खोळंबलेत," आई म्हणाली, आणि मी पहिला गिअर टाकला.