विमलक्का हरली होती

विमलक्का गेल्याची बातमी मला पुण्यात कळली, तिच्या मुलीच्या, रेखाच्या फोनवरून. "मावशी, अम्मा गेली," एवढंच ती म्हणाली. विमला जाधव माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून दोन इयत्ता पुढे. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. आम्ही पोरी मात्र बास्केटबॉल खेळलो, एकाच कॉलेजात, एकाच संघात. ती कर्णधार आणि मी राखीव. माझं रडणं प्रवासातच उरकलं होतं. हा लेख मी लिहायला घेतला आहे तो रागाने, आणि तो राग तिच्या शोकसभेत आला.

सभा म्हैसूरला आमच्याच कॉलेजने ठेवली होती. व्यासपीठावर अक्काचा माणसाएवढा फोटो, भोवती मल्लिगेचा, मोगऱ्याचा हार. फोटोत अक्काच्या हातात चांदीचा कप आहे, मान वळलेली आहे आणि तोंड उघडं आहे. एकामागून एक वक्ते उठले आणि "आपल्या कॉलेजला अखिल भारतीय विजेतेपद मिळवून देणारी रणरागिणी" असं म्हणून बसले. एकाने तर फोटोकडे बोट दाखवून सांगितलं, की बघा, आनंदाने शब्द कसे फुटताहेत. मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ चावत होते, कारण ते शब्द काय होते ते मला ठाऊक आहे. त्या क्षणी मी अक्काच्या मागे हातभर अंतरावर उभी होते. मैदान सोडून निघालेल्या पंचांना ती म्हणत होती, "सर, जाऊ नका. मॅच संपली नाही."

तेव्हा राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. मुलींच्या कॉलेजांची देशभराची स्पर्धा पहिल्यांदाच आमच्या गावात भरली होती. लाल मातीचं मैदान रोज पहाटे आम्हीच झाडायचो, पाणी मारायचो, चुन्याने रेघा ओढायचो. अक्का तापट होती. सरावाला कुणी उशिरा आलं की ती चेंडू छातीवर असा फेकायची, की दुसऱ्या दिवशी ती मुलगी सगळ्यांच्या आधी हजर. पण खेळात लबाडी तिला खपायची नाही. स्वतःचा फाउल पंचांनी पाहिला नाही तर ती आपण होऊन हात वर करायची, आणि आम्ही कपाळावर हात मारून घ्यायचो.

अंतिम सामना रविवारी दुपारी, मद्रासच्या संघाशी. प्रमुख पाहुणे कुणी बडे मंत्री. ते आल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही असा हुकूम, आणि ते आले चांगले तासभर उशिरा. आम्हांला उन्हात ओळीने उभं केलं होतं. शेवटी खेळ सुरू झाला, दुसऱ्या सत्रात रंगात आला, आम्ही तीन गुणांनी पुढे होतो, आणि एकाएकी शिट्टी वाजली. काय झालं कुणाला कळेना. मग प्राचार्य धावत आले. रविवारी राहुकाळ संध्याकाळचा. तो लागायच्या आत बक्षीस समारंभ उरकला पाहिजे, राहुकाळात कप द्यायला पाहुणे तयार नाहीत. खेळ थांबवा, पुढे कोण आहे? म्हैसूर? द्या त्यांना... आज लिहितानाही माझं डोकं तापतं. देशभरातून मुली दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आल्या होत्या, आणि त्यांचा अंतिम सामना म्हणजे पाहुण्यांच्या वाटेतला अडथळा. पोरांच्या सामन्यात असं करायची कुणाची छाती झाली असती?

अक्काच्या हातात कप कोंबला, फोटो निघाला, पाहुणे गाडीत बसले आणि निम्मं मैदान त्यांच्या मागे गेलं. मद्रासच्या पोरी रडत पिशव्या भरत होत्या. अक्का सरळ त्यांच्याकडे गेली, कप त्यांच्या कर्णधाराच्या, लीलाच्या पायाशी मातीत ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "उठा. राहिलेला खेळ खेळू." पंच मंगळूरचे, भले गृहस्थ. ते मागे फिरले आणि त्यांनी शिट्टी पुन्हा गळ्यात अडकवली. वेळ नोंदणारं टेबलसुद्धा उचलून नेलं होतं, तेव्हा वेळ त्यांच्याच मनगटी घड्याळावर मोजली. आणि आम्ही हरलो. एका गुणाने. शेवटची फ्री थ्रो अक्काने स्वतः घेतली, ती रिंगवर आपटून बाहेर आली. अक्का कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग तिने कप उचलून लीलाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजने स्टेशनवर माणूस पाठवून तो कप लीलाच्या सामानातून काढून परत आणला. कॉलेजची मालमत्ता बाहेर जाऊ देणार नाही म्हणे. तो आजही कॉलेजात काचेच्या कपाटात आहे आणि त्यावर आमच्या कॉलेजचं नाव कोरलेलं आहे. अक्काला शिस्तभंगासाठी बोलावलं आणि राज्य संघाच्या निवडीला पाठवलंच नाही. घरी काकू म्हणाल्या, "राहुकाळात कशाला ग खेळायचं? हरणारच की. सुम्ने, गुपचूप कप घेऊन घरी यायचं." अक्का म्हणाली, "हरले ते हात थरथरला म्हणून, अम्मा. राहूला कशाला मध्ये ओढतेस?"

पुढे ती बन्नूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. म्हैसूरलगतच्या हिनकलच्या घरातून सकाळी निघून दोन बस बदलून जायची. उसाच्या मळ्यांतल्या पोरींना तिने खेळायला शिकवलं, त्यांच्या बापांशी भांडून त्यांना गावोगाव नेलं. शाळेच्या समारंभात कुणी तिची विजेती म्हणून ओळख करून दिली की ती खुर्चीतून उठून माईकपाशी जायची, "विजेती नाही, उपविजेती," असं सांगायची आणि मगच शाल घ्यायची. लोकांना तो विनय वाटायचा. कप मद्रासला पाठवा असं सांगायला ती कॉलेजात कितीदा गेली असेल... एक प्राचार्य हसून म्हणाले, "मॅडम, घरी आलेली लक्ष्मी कुणी परत करतं का?"

म्हणून शोकसभेत मी उठले. म्हटलं, "विमला जाधव तो सामना हरली होती. मी तिथे होते. कप मद्रासच्या मुलींचा आहे." सभागृहात चुळबुळ झाली. सूत्रसंचालक मुलगी गोंधळली, मग प्राचार्य माईकवर आले आणि गोड आवाजात म्हणाले, "बहिणीच्या जाण्याने ताई फार भावनाविवश झाल्या आहेत." टाळ्या पडल्या. आयुष्यभर जे खोटं ती खोडत आली, ते तिच्याच फोटोला हार घालून तिच्या माथी मारलं, आणि वर मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं.

हिनकलला अक्काच्या खोलीत येऊन बसले तरी माझा राग उतरत नव्हता. पलंगाशेजारच्या स्टुलावर तिचा मोबाइल होता, रेखाने अजून बंद केला नव्हता. तो वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘चँपियन’. मी रेखाकडे पाहिलं. "मद्रासच्या लीला आंटी," ती म्हणाली. "अम्माने असंच नाव घालायला लावलं मला. दर रविवारी बोलायच्या दोघी. अम्मा गेल्यापासून दोनदा वाजला, मला उचलायला धीर होईना, मावशी... बेडा, नको, तुम्हीही नका उचलू."

मी उचलला. पलीकडून थकलेला आवाज आला, "विमला?" मी इंग्रजीत कोण ते सांगितलं, आणि काय झालं तेही. मग तिने विचारलं, "सभेत काय म्हणाले तिच्याबद्दल?" मी खरं ते सांगितलं. "तिला फार राग आला असता," लीला म्हणाली. "मी जिंकले होते, हे माझ्या घरीसुद्धा कुणाला खरं वाटत नाही. नातू विचारतो, आजी, मग तुझा कप कुठे आहे? मी त्याला म्हणायचे, म्हैसूरच्या विमलाला विचार. ती फोनवर त्याला सांगायची, माझ्याकडून हिसकावून जिंकली रे तुझी आजी... आता कुणाला विचारायला सांगू?"

मला विचारायला सांगा, लीला. आणि ज्यांनी तो कप काचेच्या कपाटात ठेवला आहे त्यांना मी या लेखात सांगते, कुलूप काढा आणि तो मद्रासला पोचवा. विमलक्काला श्रद्धांजली वाहायची असेल तर एवढंच करा. हार घातलात तसा उतरवूनही ठेवा, ती जिंकली नव्हती.