खोडायचे राहिलेले दोन शब्द

“भाऊ, तेवढं खोडा की.”

आमच्या लातूरच्या कॉलेजातले फुटबॉलचे सर ऑफिसात आले की नमस्काराच्या आधी हेच म्हणायचे. गळ्यातली शिट्टी शर्टाच्या खिशात टाकायचे आणि माझ्या टेबलावरच्या माहितीपत्रकात आपल्या नावापुढच्या दोन शब्दांवर बोट ठेवायचे: राष्ट्रीय खेळाडू.

ते शब्द माझेच. तपासणी समिती यायची होती, प्रत्येकाचा परिचय पानभर पाहिजे असं फर्मान होतं आणि सरांचा दीड ओळीत संपत होता. “अजून काही?” मी विचारलं.

“राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड शिबिराला गेलतो एकदा. तिसऱ्या दिवशी परत धाडले. दम पुरला न्हाई.”

मागून तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, “शिबिराला गेले म्हणजे खेळलेच की. लिहा!” मी लिहिलं. नोकरी करायची होती ना.

मग वेबसाइट, संमेलनाची पत्रिका, मैदानावरची पाटी, सगळीकडे तेच उतरत गेलं. “पुढच्या छपाईत बघू, सर,” मी म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? फुकटचा मान कुणाला नको असतो? पण या माणसाला तो पचत नव्हता. एकदा नांदेडला सामने होते, मी टीमबरोबर गेलो होतो. दुपारी सगळ्या कॉलेजांचे कोच एका पंगतीत जेवायला बसले आणि आमचे सर गाडीत एकटेच अर्धापूरची केळी खात बसलेले.

“चला की जेवायला.”

“न्हाई भाऊ. कोणत्या साली खेळलाव, कुणासंगं खेळलाव, विचारतेत. काय सांगू?”

सरांनी लग्न केलं नव्हतं. चार दोस्त झाले असते, तेही या दोन शब्दांपायी झाले नाहीत. मला लई वाईट वाटलं. तरी पुढच्या छपाईत मी खोडलं नाहीच.

निवृत्तीच्या कार्यक्रमात परिचय मीच वाचला. सरांनी माइक घेतला. “मी राष्ट्रीय खेळाडू न्हाई. शिबिरातून तिसऱ्या दिवशी परत आलेला माणूस हाय. हे खोटं हाय.”

मग नवे प्राचार्य उठून म्हणाले, “वा! केवढा हा विनय!” आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. सर माझ्याकडे बघत होते. खरं काय ते तिथं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. उठून एक वाक्य बोलायचं होतं मला. लाज वाटते सांगायला, मीही टाळ्या वाजवल्या.

ते उदगीरला गावी निघून गेले. ऑफिसात पुन्हा कधी आले नाहीत.

मागच्या महिन्यात सर वारले. कॉलेजच्या दारातल्या फळ्यावर खडूनं श्रद्धांजली लिहिलेली होती: राष्ट्रीय खेळाडू, आमचे लाडके सर. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ते दोन शब्द ओल्या फडक्यानं पुसले. “खोडलं, सर,” म्हणालो.

चहा पिऊन आलो. जागा रिकामी दिसते म्हणून कुणीतरी ते पुन्हा लिहून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.