पहाटेची वीज आणि मंदाची गिरणी

‘मंदाची पिठाची गिरणी बंद करा’ या अर्जावर आपल्या या ग्रुपमधल्या तिघांच्या वडिलांच्या सह्या आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

महिनाभर आपल्या गावात पहाटे वीज जायची आणि ऊन चढलं की यायची. पहाटे गिरणी चालू असते, म्हणून दोष गिरणीचा. मंदाचं घर त्या गिरणीवरच चालतं.

मी रोज वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: दव पडलं का आणि वीज गेली का. दव पडलं त्या प्रत्येक पहाटे वीज गेली. कोरड्या पहाटे गिरणी चालूनही गेली नाही.

काल किन्हवलीहून वायरमन आला. "बाई, मी दुपारी येतो तवा कायच सापडत नाय," तो म्हणाला. मी वही पुढे केली. लाइन बंद करून तो वीटभट्टीजवळच्या खांबावर चढला. तारांखालच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर काजळीचा थर होता. ही काजळी दवाने भिजली की वीज तिच्यातून खांबात उतरते आणि लाइन बंद पडते. त्याने सगळे इन्सुलेटर पुसून काढले.

आज पहाटे अंगण दवाने भिजलं होतं आणि गिरणी धडधडत होती. वीज गेली नाही. अर्ज लिहिणारे तात्या तोच अर्ज हातात घेऊन गिरणीच्या दारात उभे होते.

"आता काय करू गो?" त्यांनी मंदाला विचारलं.

"दळण आणा," मंदा म्हणाली.

तुमच्याकडे वीज गेली की तुम्ही आधी कारण शोधता की माणूस?

सुपूर्द केले: वायरमनकडे वही, एक. मंदाकडे सह्यांचा अर्ज, एक, चूल पेटवायला.